सापडणं आणि सांगणं यांच्या मधला सिनेमा

मित्रहो,

आज ज्या सिनेमांबद्दल बोलणार आहे त्यांची सुरुवात तुमच्या चांगल्या ओळखीची आहे. लहानसं गाव, सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि एके दिवशी नदीकाठी, शेतात किंवा रानात कुणाला तरी प्रेत दिसतं. इथून दोन वाटा फुटतात. एका वाटेने पोलीस येतात, पंचनामा होतो, संशयितांची यादी होते आणि दोन तासांनी खुनी सापडतो. त्या वाटेबद्दल माझी तक्रार नाही, रहस्यपट मीही आवडीने पाहते. पण तिथे गाव हे नेपथ्यापुरतं उरतं. गावातली माणसं साक्षीदार आणि संशयित म्हणून ओळीने येतात, आपापलं सांगतात आणि निघून जातात. दुसऱ्या वाटेवर खुनी कोण हा प्रश्न मागे पडतो. कधी तर पहिल्या पाच मिनिटांतच त्याचं उत्तर देऊन टाकलेलं असतं. मग उरलेला सगळा वेळ कॅमेरा गावाकडे बघत राहतो.

स्वतंत्र निर्मितीचा सिनेमा, म्हणजे मोठ्या स्टुडिओच्या पैशाशिवाय आणि हुकमाशिवाय केलेला सिनेमा, ही दुसरी वाट पुन्हा पुन्हा धरतो. का धरतो, याचा मी बरीच वर्षं विचार करते आहे. मला सापडलेलं उत्तर असं : या सिनेमाचा जीव खुनात नसतो. प्रेत सापडणं आणि ते कुणाला तरी सांगणं, या दोन क्षणांच्या मधल्या वेळात तो असतो. आधी कुणाला कळलं, त्याने कुणाला सांगितलं, कुणापासून लपवलं, किती वेळ लावला, आणि तेवढ्या वेळात तो काय करत होता. हे एवढं नीट मांडता आलं, तर माणसाबद्दल आणि समाजाबद्दल जे कळायचं ते सगळं त्यात येतं. आता उदाहरणं घेऊ या.

पहिलं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. रे लॉरेन्स यांचा ‘जिंडाबाइन’, 2006 सालचा. लॉरेन्स यांनी फार कमी सिनेमे केले. आधीच्या ‘लँटाना’ची, 2001 सालच्या, सुरुवातही घाणेरीच्या काटेरी झुडपांत पडलेल्या एका बाईच्या प्रेतापासून होते. ‘जिंडाबाइन’मध्ये चार पुरुष डोंगरात मासे धरायला जातात. वर्षभर ज्याची वाट पाहायची अशी त्यांची सहल. तिथे नदीत त्यांना एका तरुण स्त्रीचं प्रेत तरंगताना दिसतं. ते घाबरतात, हादरतात. गाव लांब आहे, डोंगरातून चालत यावं लागलं आहे, मोबाइलला रेंज नाही. मग ते काय करतात? प्रेत वाहून जाऊ नये म्हणून त्याचा पाय मासेमारीच्या दोरीने बांधून ठेवतात, मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी मासे धरतात. मासे खूप लागतात. आनंदात दिवस जातो. परत निघाल्यावर ते पोलिसांना कळवतात.

त्या दोरीकडे मी तुमचं लक्ष वेधू इच्छिते. पटकथेच्या दृष्टीने मला ती या सिनेमातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. या माणसांनी तिला तशीच सोडून दिलं असतं, तर आपण त्यांना निर्दय म्हणून मोकळे झालो असतो. पण ते तिला बांधून ठेवतात. तिची काळजी घेतोय अशी त्यांची मनापासून समजूत आहे. गॅब्रिएल बर्न यांनी साकारलेला स्टुअर्ट हे करतो तेव्हा त्याच्या हालचालींत एक हळुवारपणाही आहे. काळजी आणि हेळसांड एकाच कृतीत आली की प्रेक्षकाला निवाडा करून मोकळं होता येत नाही. घरी आल्यावर त्याची बायको क्लेअर त्याला विचारत राहते, आणि प्रत्येक वेळी त्याचं उत्तर तिच्या दृष्टीने अपुरं पडतं. लॉरा लिनी यांनी केलेलं हे काम पाहाच. ती नवऱ्यावर ओरडते त्यापेक्षा ती त्याच्याकडे नुसती बघते तेव्हा जास्त भीती वाटते. ज्याच्याशेजारी आपण रोज झोपतो तो माणूस हे करू शकतो, एवढंच तिला कळलेलं असतं, आणि ते पुरेसं असतं.

मूळ गोष्ट रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराची, 1970 च्या दशकातली. कथा बायकोच्या तोंडून येते आणि ती मुख्यतः एका घराभोवती फिरते. रॉबर्ट ऑल्टमन यांनीही 1993 च्या ‘शॉर्ट कट्स’मध्ये ती घेतली होती, पण तिथे ती अनेक गोष्टींतली एक होती. लॉरेन्स आणि पटकथाकार बिॲट्रिक्स ख्रिश्चन यांनी दोन गोष्टी बदलल्या आणि घरातली कथा गावाची झाली. एक म्हणजे मृत मुलगी ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी समाजातली आहे. बातमी पसरते तेव्हा तिचे लोक सरळ विचारतात : ती गोरी असती तर तुम्ही मासे धरत बसला असता का? या प्रश्नाला त्या चौघांकडे खरं उत्तर नाही. ‘हो, तरीही धरले असते’ असं म्हणावं तर ते आणखी लाजिरवाणं. क्लेअर अंत्यविधीसाठी पैसे गोळा करायला निघते. त्या कुटुंबाला तिचे पैसे नको आहेत. चांगुलपणाने भरपाई करू पाहणाऱ्या माणसाला नकार मिळतो तेव्हा त्याची अवस्था काय होते, हे इतक्या नेमकेपणाने मी क्वचित पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे गाव. जिंडाबाइन हे खरोखरचं गाव आहे, न्यू साउथ वेल्समध्ये, स्नोई पर्वताच्या भागात. जुनं जिंडाबाइन 1960 च्या दशकात जलविद्युत प्रकल्पाच्या धरणात बुडालं, आजचं गाव तलावाच्या काठी नव्याने वसवलेलं आहे. धरणात गेलेली गावं म्हणजे काय, हे मराठी प्रेक्षकाला वेगळं सांगायची गरज नाही. पाण्याखाली काहीतरी आहे हे ठाऊक असूनही त्याच पाण्यावर होड्या चालवणारं गाव, आणि पाण्यात प्रेत बांधून मासे धरणारी माणसं. दिग्दर्शक हे दोन्ही शेजारी ठेवतो आणि बोट दाखवून समजावत बसत नाही.

आता अमेरिकेत, वीस वर्षं मागे. टिम हंटर यांचा ‘रिव्हर्स एज’, 1986 चा. पटकथा नील हिमेनेझ यांची. 1981 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिल्पिटास इथे एका शाळकरी मुलाने मुलीचा खून केला आणि मित्रांना प्रेत नेऊन दाखवलं, या घटनेवरून तो सुचला. सिनेमात सॅमसन नावाचा मुलगा शाळेत येऊन सांगून टाकतो की मी तिला मारलं. कुणाचा विश्वास बसत नाही. मग ते सगळे जाऊन बघतात. एक जण काठीने डिवचून बघतो, खरंच मेली आहे का. आणि घरी जातात.

इथे लपवाछपवी नाही हे लक्षात घ्या. सगळ्यांना माहीत आहे. खुनी स्वतः सांगतोय. तरीही सांगायचं कुणाला, हे कुणाला सुचत नाही, कारण त्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखं मोठं माणूसच नाही. आई-बाप आहेत, पण ते स्वतःच्या भांडणात आहेत. शिक्षक आहेत, ते आपल्या तरुणपणच्या चळवळींच्या आठवणींत आहेत. आणि ज्या मोठ्या माणसाकडे ही मुलं जातात तो डेनिस हॉपर यांनी केलेला फेक, पूर्वी स्वतः खून केल्याचं सांगणारा आणि प्लास्टिकच्या बाहुलीबरोबर राहणारा. लेन नावाच्या मुलाला तर हा सगळा मैत्रीच्या कसोटीचा प्रसंग वाटतो : मित्राला वाचवलं पाहिजे. मेलेली मुलगीही मैत्रीणच होती हे त्याच्या लक्षातच येत नाही. क्लॅरिसा नावाची मुलगी पोलिसांना फोन लावते आणि बोलायच्या आत ठेवून देते. अखेर त्यांच्यातलाच मॅट सांगतो, कियानू रीव्ह्ज यांनी केलेला. पोलीस त्याला खोदून खोदून विचारतात, तुला काय वाटलं, लगेच का नाही आलास, आणि त्या पोराला उत्तर येत नाही. ते तो लपवत नाही, त्याला खरोखर येत नाही. रीव्ह्ज तेव्हा कोवळे होते, त्या प्रश्नांसमोर त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ अस्सल आहे. त्या काळी अनेकांनी हा सिनेमा बधिर झालेल्या पिढीवरचा आरोप म्हणून पाहिला. मला तसं वाटत नाही. पोरं बधिर आहेत असं म्हणणं सोपं आहे. सिनेमा मात्र विचारतो, यांना ऐकणारं कोण होतं?

अनेकदा विचारलं जातं, मराठीत असं काही आहे का. वस्तीची गोष्ट म्हणून नव्हे, पण प्रेत सापडल्यानंतर काय होतं या अर्थाने मी चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चं नाव घेईन, 2014 च्या. मॅनहोलमध्ये सफाई कामगाराचा मृतदेह सापडतो आणि आरोप ठेवला जातो एका लोकशाहिरावर, गाण्यातून आत्महत्येला चिथावणी दिली म्हणून. तिथे कुणीच हादरत नाही, हीच त्या सिनेमातली भयंकर गोष्ट. मेलेल्या माणसाचं आयुष्य पहिल्यांदा समोर येतं ते त्याच्या बायकोच्या साक्षीतून : सुरक्षेची साधनं नव्हती, वास सहन व्हावा म्हणून तो दारू प्यायचा, आत उतरण्याआधी झुरळ दिसतंय का बघायचा, म्हणजे हवा आहे हे कळायचं. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही, विचारलं म्हणून सांगते. आपल्याकडच्या नव्या लेखकांनी ती साक्ष पाच वेळा तरी पाहावी.

आता ज्या सिनेमासाठी खरं तर मी हा विषय निवडला त्याकडे येते. दक्षिण कोरियाचे ली चांग-डोंग यांचा ‘पोएट्री’. 2010 मध्ये कान महोत्सवात त्याला सर्वोत्तम पटकथेचा पुरस्कार मिळाला. पहिलंच दृश्य नदीचं आहे. काठावर मुलं खेळताहेत. पाण्यावरून काहीतरी वाहत येतं, हळूहळू जवळ येतं, आणि तो एका शाळकरी मुलीचा पालथा देह असतो. त्याच्याच शेजारी पडद्यावर सिनेमाचं नाव उमटतं. त्या नावाचा अर्थ ‘कविता’. पहिल्यांदा पाहताना हे जवळजवळ असभ्य वाटतं. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे ते दोन शब्द, कविता आणि प्रेत, एका चौकटीत का ठेवले याचं उत्तर आहे.

मीजा ही साठी ओलांडलेली बाई. नातवाला एकटीने वाढवतेय, अर्धांगाचा झटका आलेल्या एका म्हाताऱ्याची शुश्रूषा करून पैसे कमावतेय. शब्द विसरायला लागली आहे, डॉक्टर अल्झायमरची सुरुवात सांगतात. आणि याच वेळी ती कवितेच्या वर्गात नाव घालते. मग तिला कळतं की त्या मुलीने जीव दिला, कारण वर्गातली सहा मुलं कित्येक महिने तिच्यावर अत्याचार करत होती, आणि सहांपैकी एक आपला नातू आहे.

ही बातमी तिला कशी कळते ते बघा. इतर पाच मुलांचे वडील तिला जेवायला बोलावतात. हॉटेलातल्या स्वतंत्र खोलीत बैठक भरते. कुणी आवाज चढवत नाही. शाळेला गाजावाजा नको आहे, वडिलांना मुलांचं भवितव्य महत्त्वाचं आहे. तीन कोटी वॉन मुलीच्या आईला द्यायचे, सहा घरं आहेत, म्हणजे प्रत्येकी पन्नास लाख. बिअर ओतली जाते, हिशेब होतो. मीजा मध्येच उठून बाहेर जाते. काचेतून ती दिसते, बागेत फुलांपाशी उभी, वहीत काहीतरी लिहिताना. आतले पुरुष थोडे चक्रावतात, आणि बोलणं पुढे सुरू ठेवतात.

गप्प बसण्याची किंमत इतक्या उघडपणे ठरताना मी दुसऱ्या कुठल्याही सिनेमात पाहिलेली नाही. आणि हे बाप राक्षस नाहीत. बोलायला नीट आहेत, आपल्या पोरांवर माया करतात. तेच तर भयंकर आहे. त्या खोलीत मेलेल्या मुलीचा उल्लेख जवळजवळ होत नाही. होतो तो एक मिटवायचं प्रकरण म्हणून.

मग ते ठरवतात की मुलीच्या आईशी बोलायला मीजाने जावं. बाईच बाईशी बोलू शकेल, असं त्यांचं म्हणणं. मीजा गावाबाहेर तिच्या शेतावर जाते. वाटेत जर्दाळू पडलेले दिसतात, एक उचलून चाखते, वहीत ओळ लिहिते. आई शेतात काम करतेय. मीजा तिच्याशी हवेबद्दल बोलते, पिकाबद्दल बोलते, जर्दाळूबद्दल बोलते, छान बोलते, आणि निरोप घेऊन परत वळते. चार पावलं गेल्यावर तिला आठवतं आपण कशासाठी आलो होतो, आणि मागे वळायची हिंमत होत नाही. ही विस्मृती आजाराची आहे की मनाचा नकार आहे, हे दिग्दर्शक सांगत नाही. सांगायला नकोच होतं. वाचलेल्या सगळ्या पटकथांत मला हा प्रसंग सर्वांत जास्त शिकवून गेला. पैशाची बोलणी करायला आलेली बाई दुसऱ्या बाईशी काही क्षण माणसासारखी बोलते, आणि तेवढ्यामुळेच पुढची बोलणी अशक्य होतात.

म्हाताऱ्याकडून पैसे कसे मिळवते तो भाग मी सोडून देते, तुम्ही पाहाल. शेवटाकडे येते. पैसे भरले आहेत, प्रकरण मिटलं आहे. मीजा रात्री रस्त्यावर नातवाबरोबर बॅडमिंटन खेळतेय. एक गाडी येते, दोन माणसं उतरतात. त्यातला एक पोलीस आहे, कवितावाचनाच्या बैठकीत तिला भेटलेला, चावट विनोद करणारा. तो मुलाला घेऊन जायला आलाय. कुणी काही बोलत नाही. मुलगा गाडीत बसतो, आणि पोलीस त्याची रॅकेट उचलून मीजाबरोबर खेळ पुढे चालू ठेवतो. तिने कुणाला सांगितलं, कधी सांगितलं, हे दृश्य सिनेमात नाही. ज्या क्षणाची आपण दोन तास वाट पाहिली तोच क्षण वगळलेला आहे. सांगण्याचं दृश्य दाखवलं असतं तर तिच्या थोरवीचा प्रसंग झाला असता. ली यांनी तिला ते मोठेपण घेऊ दिलं नाही, फक्त परिणाम दाखवला. नातवावर तिचं प्रेम आहे हे त्या खेळातच दिसतं. त्याची नखंही तिने आधी स्वतः कापून दिलेली असतात.

‘वन्स अपॉन अ टाइम इन अनातोलिया’बद्दल थोडक्यात सांगते, कारण तो लांबलचक सिनेमा आहे आणि त्याच्यावर वेगळं व्याख्यान व्हायला हवं. नुरी बिल्गे जेलान, तुर्कस्तान, 2011. इथे गुन्हेगार गाडीतच बसलेला आहे. प्रेत कुठे पुरलं ते त्याला नीट आठवत नाही. पोलीस, सरकारी वकील आणि डॉक्टर रात्रभर माळावर गाड्या फिरवत राहतात. सहलेखकांपैकी एर्जान केसाल हे पेशाने डॉक्टर, त्या भागात त्यांनी नोकरी केलेली, म्हणून सगळ्या तपशिलांना मातीचा वास आहे. सिनेमात गावच्या मुखियाचं कामही त्यांनीच केलंय. मध्यरात्री सगळे जेवायला त्याच्या घरी उतरतात तेव्हा तो सरकारी वकिलाकडे काय मागतो? गावात शवागार हवं. परदेशी गेलेल्या मुलांना आई-बापाचं शेवटचं दर्शन हवं असतं, ती येईपर्यंत मृतदेह ठेवायला जागा नाही. ज्या लहान समाजातली तरुण माणसं दूर निघून गेली, त्याचं इतकं नेमकं वर्णन एका मागणीत येतं. सकाळी प्रेत सापडतं तेव्हा ते ठेवायची पिशवी कुणी आणलेलीच नसते. गाडीच्या डिकीत कसंबसं कोंबतात, त्याच डिकीत कुणीतरी शेतातली खरबुजंही टाकतं. आणि शेवटी शवविच्छेदनात श्वासनलिकेत माती सापडते. म्हणजे माणूस पुरला तेव्हा जिवंत होता. डॉक्टर हे अहवालात येऊ देत नाही. खिडकीतून त्याला मृताची बायको आणि लहान मुलगा जाताना दिसतात. दयेने गप्प बसला की थकव्याने? मला वाटतं दयेने. पण माझ्याशी वाद घालणारे अनेक आहेत आणि त्यांच्याकडेही आधार आहे. एक मात्र खरं, सापडलं ते सांगायचं नाही असा निर्णय इथे सगळ्यात सज्जन माणूस घेतो.

‘लोन स्टार’मध्ये हा मधला काळ काही दशकांचा आहे. जॉन सेल्स यांचा 1996 चा सिनेमा. टेक्सासच्या सीमेवरचं काल्पनिक गाव, सैन्याच्या जुन्या गोळीबार मैदानात हाडांचा सांगाडा सापडतो, सोबत शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा, बिल्ला. 1957 मध्ये गायब झालेल्या, सगळ्यांना छळणाऱ्या शेरीफचा तो असावा. आत्ताच्या शेरीफला संशय आहे की मारणारा आपला बाप, ज्याच्या नावाने गाव न्यायालयाची इमारत करायला निघालंय. सेल्स भूतकाळात जाताना दृश्य तोडत नाहीत. कॅमेरा टेबलावरून सरकतो आणि त्याच टेबलाशी चाळीस वर्षांपूर्वीची माणसं बसलेली असतात. खर्च नाही, चमत्कृती नाही, आणि गावात भूतकाळ कुठे राहतो ते दिसतं. खरं काय ते कळल्यावर हा शेरीफ ते जाहीर करत नाही, हेही नोंदवून ठेवा. सेल्स इतर निर्मात्यांसाठी ‘पिरान्हा’सारख्या भयपटांच्या पटकथा लिहायचे आणि त्या कमाईवर स्वतःचे सिनेमे करायचे. स्वातंत्र्याची किंमत अशीही मोजता येते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

डेब्रा ग्रॅनिक यांच्या ‘विंटर्स बोन’मध्ये, 2010 च्या, तर प्रेत सापडावं हीच मुलीची गरज आहे. बाप जामिनावर सुटून नाहीसा झालाय, घर जामिनात गहाण आहे. तो मेलाय हे सिद्ध झालं तरच भावंडांच्या डोक्यावरचं छप्पर वाचेल. सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे, कुणी सांगत नाही, विचारलं म्हणून तिलाच मारतात. मिसुरी राज्यातल्या ओझार्क डोंगरांत, सुमारे वीस लाख डॉलरमध्ये, तिथल्याच घरांत आणि बऱ्याच अंशी तिथल्याच लोकांना घेऊन तो केला गेला.

यातून लिहिणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी सांगते. पैशाचं आधी. या प्रकारच्या गोष्टीला एक गाव, मोजकी माणसं आणि बराच वेळ लागतो. पाठलाग लागत नाहीत, सेट लागत नाहीत. म्हणून नवे दिग्दर्शक इकडे वळतात, आणि म्हणूनच इथे फसगतही फार होते. गरिबी, धुकं आणि घुमी माणसं एवढ्यावर भागेल असं वाटतं. भागत नाही. गावात कोण कुणाचं देणं लागतो, कुणाची जमीन कुणाकडे, कुणाच्या लग्नाला कोण गेलं नव्हतं, हे लेखकाला पाठ पाहिजे. पडद्यावर त्यातला दहावा हिस्सा आला तरी चालेल. गप्प बसण्यामागे नेहमी काहीतरी व्यवहार असतो, तो लेखकाला ठाऊक नसेल तर पात्रांची शांतता पोकळ वाटते.

दुसरं, प्रेताचं चित्रण. याबद्दल माझं मत ठाम आहे. किती वेळ दाखवायचं, किती जवळून, कुणाच्या नजरेतून, हा सिनेमाच्या नीतीचा प्रश्न आहे, आणि तो संकलनाच्या टेबलावर सोडून देता येत नाही, लिहितानाच ठरवावा लागतो. बहुतेक वेळा प्रेत तरुण स्त्रीचं असतं आणि बहुतेक वेळा ती फक्त कथेला गती देण्यापुरती मेलेली असते. ‘जिंडाबाइन’च्या सुरुवातीला ती मुलगी जिवंत आहे, गाडी चालवत गाणं गातेय. ते गाणं आपल्या कानात असतं, म्हणून नदीतला देह नुसता देह राहत नाही. ‘पोएट्री’च्या शेवटी मीजाची कविता आधी मीजाच्या आवाजात सुरू होते आणि मधूनच त्या मुलीच्या आवाजात जाते. सबंध सिनेमात जिचं कुणी ऐकलं नाही तिला आवाज दिला जातो. तुमच्या पटकथेत मृत व्यक्तीला एक तरी गोष्ट अशी द्या जी तपासाच्या कामाची नाही.

वेळ संपत आला आहे, पण एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे तो घेते. ‘खुनी शेवटपर्यंत पकडला नाही तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटत नाही का?’ वाटतं, जर तुम्ही त्याला तसं वचन दिलं असेल तर. पहिल्या अर्ध्या तासात पुरावे, खुणा, संशय पेरत गेलात आणि नंतर म्हणालात की मला त्यात रस नव्हता, तर ती फसवणूकच आहे आणि प्रेक्षकाचा राग योग्य आहे. ‘जिंडाबाइन’ हे वचन देतच नाही. खुनी कोण ते सुरुवातीलाच दाखवतो. तो त्याच गावात राहतो, त्याच रस्त्यांवर गाडी चालवतो, आणि शेवटी मोकळाच असतो. मी हा सिनेमा अनेक ठिकाणी लोकांबरोबर बसून पाहिला आहे. संपल्यावर वाद होतो तो त्या चार मासे धरणाऱ्यांबद्दल : आपण त्या जागी असतो तर त्याच रात्री डोंगर उतरलो असतो का? खुनी कसा सुटला, हे विचारणारा सहसा कुणी नसतो.